आपोआप

गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेने हलकेच मारलं की पाय पुढे उडायचा. सातवीचा वर्ग पंधरा मिनिटं तेवढंच करत होता. अर्धी मुलं बाकांवर पाय लोंबकळत सोडून बसली होती, अर्धी त्यांच्यासमोर उकिडवी. मुकुलची लाथ अवधूतच्या हनुवटीला लागली, तेव्हा सगळे हसले. सकाळी केलेले कणकेचे मेंदू खिडकीत वाळत होते.

ज्ञानदा मॅडमनी फळ्यावर मेंदू काढला आणि त्याच्याखाली पाठीचा कणा.

"मारल्याचा निरोप पायातून निघाला, कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत आला आणि तिथूनच परत फिरला," त्या म्हणाल्या. "मेंदूला कुणी विचारलंच नाही. म्हणून तुम्ही कितीही ठरवा, पाय उडतोच."

सृष्टीने हात वर केला. गेल्या चार महिन्यांत तिने वर्गात एकदाही हात वर केला नव्हता.

"मॅडम, मेंदू बंद पडला असला तरी?"

गलका एकदम थांबला. गावात सगळ्यांना माहीत होतं. तिचा भाऊ सिद्धू सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळायला जायचा. दिवाळी झाली आणि आठवड्याभरात त्याला एका टेम्पोने उडवलं. मिरजेच्या दवाखान्यात तो तीन दिवस मशीनवर होता. मेंदू मेला आहे, असं डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं. मग वडिलांनी, तानाजीने, त्याच्या किडन्या आणि यकृत द्यायच्या कागदावर सही केली. त्या दिवसापासून सृष्टी वडिलांशी बोलत नव्हती. त्यांनी वाढलेलं जेवायची, त्यांच्या गाडीवरून शाळेत यायची, पण शब्द नाही. तानाजीच एकदा शाळेत येऊन हे सांगून गेला होता. "रागावू नका तिला," एवढंच म्हणाला होता. "तिच्या जागी ती बरोबर हाय."

"मज्जारज्जू शाबूत असेल तर उडू शकतो," मॅडम म्हणाल्या.

"आणि हात?"

"हाताचं काय?"

"कुणी आपला हात त्याच्या हातात दिला, तर बोटं मिटतात का?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. हे आपल्याला नक्की माहीत नाही, विचारून सांगते, असं म्हणून तास पुढे नेता आला असता. पण त्यांना माहीत होतं. आणि आपण काय विचारतोय, हे त्या मुलीलाही नीट माहीत होतं.

"मिटू शकतात," त्या म्हणाल्या. "आपोआप. त्या माणसाला ते कळत नसतं."

"म्हणजे ते धरणं नसतं."

"नाही बाळा."

सृष्टी खाली बसली. तिने वहीत तारीख घातली, फळ्यावरची आकृती उतरवून घेतली आणि पट्टीने रेघा मारून प्रत्येक भागाला नाव दिलं. मॅडमनी तास संपताना वही पाहिली. एकही चूक नव्हती.

शाळा सुटली तेव्हा तानाजी फाटकाशी गाडी सुरू ठेवून उभा होता. सतरा वर्षं फौजेत काढलेला माणूस, गाडीवरही ताठ बसायचा. मॅडम सृष्टीच्या मागोमाग फाटकापर्यंत आल्या. काय बोलायचं ते त्यांचं ठरलं नव्हतं.

सृष्टी गाडीवर बसली नाही. समोर उभी राहिली.

"पप्पा."

तानाजीने गाडी बंद केली.

"मी त्या दिवशी तुम्हाला सांगत होते ना, दादानं माझा हात धरला, सही करू नका म्हणून." ती पाठ केलेलं म्हणावं तशी भरभर बोलत होती. "त्यानं धरला नव्हता. बोटं आपोआप मिटतात. मेंदू नसला तरी मिटतात. आज शिकवलं आमाला. तुमचं काय चुकलं न्हाई."

तानाजीने मॅडमकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. डॉक्टरांनी हे सगळं त्याला तेव्हाच समजावून सांगितलं असणार, हे मॅडमच्या आत्ता लक्षात आलं. चार महिने हे एक वाक्य त्याच्याजवळ होतं आणि त्याने ते घरात उच्चारलं नव्हतं.

तो गाडीवरून उतरला आणि मुलीपुढे गुडघ्यावर बसला.

"शाळेत शिकवत्यात ते खरंच असतंय," तो म्हणाला. "पर त्या दिशी त्यानं तुजा हात धरला हुता. मी बाजूलाच हुतो की. बगितलंय मी."

सृष्टीने वडिलांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. त्यांची हनुवटी हलत होती. मग तिने आपल्या ओढणीने त्यांचं तोंड पुसलं.

"व्हय," ती म्हणाली. "लय घट्ट धरला हुता."