साथरोगाची जागा

वॉर्डाची आरोग्य निरीक्षक म्हणजे लोकांची 'पावडरबाई'. नऊ वर्षं तिनं रोज सकाळी स्वतः टाकीवर चढून पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकली आणि गळक्या नळांवरून अख्ख्या गल्लीशी भांडणं ओढवून घेतली. तिच्या धाकानं म्हणे माशीसुद्धा पाय पुसून घरात शिरायची.

यंदा खात्यानं सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी एकच जागा काढली, तीही साथरोग विषयाची. पुढच्या महिन्यात तिचं वय अटीबाहेर जाणार होतं. ही संधी हुकली की कायमची हुकली.

"जा बाई एकदाची शिकायला," नवरा म्हणाला, "दोन वर्षं आम्हाला हात न धुता जेवू दे."

मुलाखतीत साहेबांनी तिची फाइल पुढून मागून चाळली.

"बाई, नऊ वर्षांत किती साथी हाताळल्या?"

"एकही नाही, सर. येऊच दिली नाही."

"म्हणजे साथीचा अनुभव नाही." साहेबांनी रकान्यात शून्य लिहिलं. "तुम्ही पोषण, आरोग्यशिक्षण असं काहीतरी बघा."

"त्याच्या जागा निघाल्यात, सर?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. उठून तिनं खुर्ची नीट आत सरकवली, बाहेरच्या बेसिनवर सवयीनं हात धुतले. बराच वेळ धुतले.



जागा शेजारच्या वॉर्डातल्या निरीक्षकाला मिळाली. त्याला अकरा साथींचा दांडगा अनुभव होता, आणि बारावी साथ ऐन भरात असल्यामुळे बिचाऱ्याला मुलाखतीलासुद्धा येता आलं नव्हतं.