थंड गाडीचा पंखा

"पंखा आपसूक फिरला तर तुझी मिशी, न्हाई फिरला तर माझी. बोल, नवनाथ!"

बबनरावांनी आरोळी ठोकली आणि रविवारच्या चहाला बिल्डिंगखाली जमलेलं अर्धं संत तुकाराम नगर दुर्गाबाईंच्या जुन्या फियाटभोवती सरकलं.

नवनाथ बॉनेटमध्ये वाकला होता. चाकणला एका कंपनीत तो गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो. नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये फियाट दर उन्हाळ्यात उकळायची, म्हणून दुर्गाबाईंनी शेजारच्या या पोराकडून रेडिएटरला विजेचा पंखा बसवून घेतला होता. यजमान मारुतराव गेले, पण त्यांची गाडी विकायला काही बाईंचं मन होत नव्हतं.

"आपसूक कसा फिरल, काका? बॅटरीपाशी फ्यूज टाकलाय. मधी रिले हाय, म्हंजी पंखा चालू-बंद करणारं आपोआपचं बटण. वायर पत्र्यातून जाते तिथं रबर घातलंय. पाणी तापल्याचं सेन्सरनं सांगितल्याबिगर पंखा हलणार नाही. हे बघा."

नवनाथनं सेन्सरची वायर पत्र्याला टेकवली. रिले टक् झाला, पंखा घुमला. त्यानं पेपरचं पान समोरच्या जाळीपुढं धरलं. पान फटकन जाळीला चिकटलं.

"हवा आत ओढायला पाहिजे. उलटा जोडला तर बाहेर फेकतो, अन् इंजिन तसंच भाजत बसतं."

वायर उचलली, पंखा थांबला. बबनरावांनी हे सगळं डोळे बारीक करून बघितलं. पत्र्याला टेकवली की सुरू. झ्याक!

"वायरी ऱ्हाऊ दे बाजूला," ते म्हणाले. "आत मारुत्या बसलाय. त्यो फिरवंल."

"भाऊजी!" साधना पाटलीण दटावून म्हणाली.

"खोटं न्हाई, वैनी. जन्मभर ह्या मिशीवर डोळा व्हता त्याचा. मी खोडी काढली की म्हनायचा, बबन्या, एक दिस तुझी मिशी उतरवनार म्हंजी उतरवनार. गेला बिचारा. केससुदिक हाती लागला न्हाई."

सगळे हसले. मिशी होतीच तशी, कासारवाडीच्या तालमीपासून जपलेली, तेल लावून पीळ दिलेली. दुर्गाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. पदरानं गाडीचा आरसा पुसत राहिल्या.

"लागली पैज," नवनाथ म्हणाला. "पुढल्या रविवारी. गाडी थंड, किल्ली मावशींच्या हातात." त्या रविवारनंतर दोनच दिवसांनी त्याचा साखरपुडा होता, आणि बिनमिशीचा नवरदेव बघायला बिल्डिंग आतापासूनच उतावीळ झाली होती.

आठवड्यात एका दुपारी, सगळे शिफ्टला गेलेले बघून, बबनराव गाडीखाली शिरले. सेन्सरला एक बारीक वायर जोडली आणि तिचं उघडं टोक टेपमध्ये गुंडाळून नंबर प्लेटमागे खोचलं. रविवारी चप्पल नीट करायला वाकायचं, टेप सोलायची, टोक पत्र्याला टेकवायचं. बाहेर येताना ते एकटेच खुसखुसत होते.

रविवारी सलूनवाल्या शेखरनं गाडीपुढं खुर्ची मांडली. वस्तरा, पाणी, पांढरा टॉवेल. ऊन कडक, वारा पडलेला, वाळत घातलेला कपडासुद्धा हलत नव्हता. नवनाथनं बॉनेट उघडलं, रेडिएटरला तळहात लावून दाखवला.

"गार हाय."

दुर्गाबाईंनी किल्ली वर धरली. बबनरावांनी मिशीवरून बोट फिरवलं, खाकरले, चपलेकडे बघितलं.

आणि पंखा सुरू झाला.

एकच गलका उठला. शिट्ट्या, टाळ्या. "बस नवनाथ, बस खुर्चीत!" बबनरावही हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण अजून वाकलोच नाही.

ते वाकले. नंबर प्लेटमागे बोट घातलं. टेप जशीच्या तशी होती.

"थांबा, काहीतरी शॉर्ट झालंय," नवनाथ म्हणाला. त्यानं फ्यूज उपटला. पंखा फिरत होता. त्यानं पाना घेऊन बॅटरीचं टर्मिनल सोडवलं, वायर बाजूला धरली. पंखा फिरत होता.

शिट्ट्या थांबल्या. कुणीतरी आपल्या लहान पोराला मागे ओढलं. आता फक्त पात्यांची घरघर ऐकू येत होती. नवनाथ हातातल्या फ्यूजकडे बघत उभा राहिला. मग खुर्चीकडे निघाला.

"तू नगं," बबनराव म्हणाले.

"पण काका, मी हरलो."

"तू न्हाई हरला."

ते स्वतः खुर्चीत बसले. तोंड गाडीकडे. टॉवेलखाली हात मांडीवर घट्ट दाबलेले. शेखरला वाटलं, नेहमीसारखी काहीतरी गंमत आहे. त्यानं हसत दुर्गाबाईंकडे बघितलं.

"उतरव," दुर्गाबाई म्हणाल्या. मग बबनरावांना हळूच म्हणाल्या, "ह्यांनी धरलेलं कधी सोडलंय का, भाऊजी?"

शेखरनं पाणी लावायला हात पुढं केला.

"कोरडीच काढ," बबनराव म्हणाले.

वस्तरा फिरला. एक बाजू, मग दुसरी. सगळ्या कॉलनीदेखत बबनरावांचा ओठ उघडा पडला, पांढराफटक, कुणी कधी न बघितलेला. हसलं मात्र कुणीच नाही.

कारण केस टॉवेलवर थांबले नव्हते. ते घसरत खाली आले, फरशीवरून सरपटत गाडीकडे गेले, बंपरवरून वर चढले आणि जाळीला चिकटले. शेवटचा केस चिकटला, तसा पंखा थांबला.

दोन गोल दिव्यांच्या मधोमध, जरा खाली, दोन्ही टोकांना पीळ दिलेली. गाडीला मिशी आली होती.