कीटो पुन्हा सुरू

शुगर वाढली म्हणून अनिमेषनं भात, पोळी, गोड सगळं सोडून कीटो धरला होता. दिवाळीत तो सुटला. घरी पनीर-अंडी खायची आणि ऑफिसजवळ रोज खोव्याची जलेबी, असं चालू झालं. काल शुगरचा रिपोर्ट आला. सकाळी वडिलांच्या नजरेला नजर न देता तो म्हणाला, “अण्णा, आजपासून माझा कीटो पुन्हा सुरू.”

“पुन्हा? काहून, बंद होता काय?”

“दिवाळीपासून.”

अण्णा हसून म्हणाले, “सांगायचं ना बेटा! तुझा कीटो आहे तोवर मीही भात खाणार नाही, असं ग्वारीघाटावर नर्मदेचं पाणी हातात घेऊन बोललो होतो. भाऊबीजेला तुझ्या आत्यानं केलेला मसालेभात तरी खाल्ला असता.”