रेड डॉटची जागा

"पोरी, नेम धरायचा हा रेड डॉट जरा मागे घेऊ का?" हवालदार गेडामांनी विचारलं. "एवढा पुढे बसवलाय, म्हणून नळी जड होऊन झुकते. तुझ्या सगळ्या गोळ्या खाली जातायत."

"राहू द्या, काका. ह्यांनी बसवलाय तो."

नवरा चकमकीत गेला, तेव्हा पोलिसातली त्याची नोकरी कुंदाला मिळाली. रायफलही तिने त्याचीच मागून घेतली होती. त्याचे हात लांब होते, त्याला पेलायची.

"उद्या परीक्षा आहे. नापास झालीस तर नोकरी जाईल. लेकीचं काय करशील?"

कुंदाने रायफल त्यांच्यापुढे ठेवली. मग हळूच म्हणाली, "घ्या मागे."

गेडामांनी स्क्रू सैल केले. "जुन्या जागी खूण करून ठेवू?"

"नको, काका. खूण दिसली, की पुन्हा तिथेच न्यायला सांगेन मी."