कामाचं ताट

चिमट्याने तिने शेवटचं कोवळं पान वाडग्यातल्या सूपवर ठेवलं, मान तिरकी करून बघितलं आणि जरासं डावीकडे सरकवलं. हाताला सवयच ती. सेटवर सगळे तिला चिमटेबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं.

"ताई, आजी काही ते पान बघणार नाहीत हो," आईला सांभाळायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या. "चार घास पोटात गेले म्हणजे मिळवली."

"आधी डोळ्यांत जाऊ दे, मावशी. मग पोटात जातं."

हे एक वाक्य तिने जन्मभर विकून खाल्लं होतं. जाहिरातींसाठी, पाककृतींच्या पुस्तकांसाठी ती पदार्थ सजवायची. दुधाच्या जागी पांढरा गोंद ओतायचा, फळांवर ग्लिसरिनचे थेंब बसवायचे, वाफ हवी असली की ओला कापूस तापवून वाडग्यामागे लपवायचा. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. खायचं कुणालाच नसायचं. पुढे चित्रं संगणकच करू लागला आणि तिला कुणी विचारेना, तेव्हा ती मातीकडे वळली. वाडगे घडवले, ताटल्या घडवल्या, प्रदर्शनं भरवली. लोकांनी कौतुकाने नेल्या आणि काचेच्या कपाटात मांडल्या. त्यातही कुणी जेवलं नाही.

आज मात्र कुणीतरी जेवायलाच हवं होतं. आईने कित्येक दिवस घासापासून तोंड फिरवलं होतं. मिक्सरमधून काढलेला करडा लगदा मावशी चमच्याने पुढे करायच्या आणि आई ओठ घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहायची. सकाळी डॉक्टर सांगून गेले होते, आज तोंडाने काही गेलं नाही तर उद्या नाकातून नळी.

"नळी घातली की हात बांधून ठेवावे लागतात," मावशी हळूच म्हणाल्या होत्या. "ओढून काढतात ना."



ट्रे घेऊन ती आईच्या खोलीत गेली. स्वतः घडवलेल्या निळ्या ताटलीत बटाट्याचा मऊ लगदा, त्याच्या खळग्यात वितळतं लोणी. शेजारी पाकात शिजवलेल्या नाशपतीच्या फोडी. वाडग्यात भोपळ्याचं केशरी सूप. उजेड बाजूने यावा म्हणून तिने पडदा अर्धा ओढला.

आईने पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिची नजर एका जागी थांबली.

"अगं बाई! किती छान केलंयस गं."

लेकीच्या जिवात जीव आला. आईने आवंढा गिळला. तिच्या पोटातली गुरगुर दाराशी उभ्या असलेल्या मावशींनाही ऐकू आली, आणि त्या हसल्या.

"घे ना मग."

आईने दोन्ही हात शालीखाली घेतले. "नको. फोटो झाला का?"

"फोटो नाही काढायचा, आई. तुझ्यासाठीच केलंय."

आई समजूतदारपणे हसली. "असं म्हणतेस आणि मग ओरडतेस. त्या दिवशी मी कामावरून आले, भूक लागली होती, कडेची एक फोड उचलली, तर केवढी ओरडलीस. त्या कॅमेरावाल्यासमोर."

लेक आठवू लागली. काही केल्या आठवेना. 'हात लावू नका, कामाचं आहे,' असं ती रोज कुणा ना कुणावर ओरडायची. त्यात आई नेमकी कधी सापडली? आईला आता लेकीचं नावसुद्धा आठवत नव्हतं. हे तेवढं शाबूत होतं.

"बघ, मी खाते." तिने एक फोड तोंडात टाकली.

"थुंक! अगं, थुंक आधी!" आई घाबरून ओरडली. "गोंद असतो त्यात. तूच सांगितलंस ना?"

"नाही गं आई, नाही. हे सूप तरी घे." तिने घाईने चमचा वाडग्यात बुडवला, तर खाली ठक्कन वाजलं. तिला क्षणभर काही कळेना. मग कळलं. वाडगा भरलेला दिसावा, पान वर तरंगावं म्हणून तळाशी तिनेच एक वाटी उपडी घातली होती. केव्हा घातली, ते तिच्या हातांनी तिला सांगितलंच नव्हतं.

"बघ," आई म्हणाली. "मी म्हटलं नव्हतं?"

तिचा धीर सुटला. तिने पाची बोटं ताटलीत घातली. लगदा, फोडी, लोणी सगळं कुस्करलं, वर सूप ओतलं, कालवत राहिली. निळी ताटली कडेपर्यंत बरबटली. आता ते मावशींच्या लगद्यासारखंच दिसत होतं. तिने एक घास आईच्या तोंडाशी नेला.

"हे बघ, मोडलं सगळं. आता नाही ते कामाचं. नुसतं खायचं आहे. एक घास खा गं आई, एकच."

आईने त्या घासाकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला. शालीखालचे हात तिने आणखी आत ओढून घेतले आणि ती दाराकडे वळली.

"बाई, तुम्ही तरी सांगा हो हिला," ती मावशींना म्हणाली. "मी हात नव्हता लावला."