मनकर्णाचं पोट

रुक्मिणीबाईच्या लेकीचा, मनकर्णाचा, नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. चौसष्ट सालच्या आखाजीच्या सणानंतर तिचं पोट फुगू लागलं, खाल्लेला घास उलटून पडू लागला, आणि जानेफळात कुजबूज व्हायला तेवढं पुष्कळ होतं. दीर किसनरावानं तिची खाट गोठ्यात टाकली आणि तिच्या माहेरी सांगावा धाडला.

रुक्मिणीबाई आली ती मान खाली घालूनच. गोठ्याचं दार लोटून तिनं लेकीला विचारलं, "खरं सांग, कोनाचं हाये?"

"कोनाचंच नाही वो माय. चार दिवस झाले, वारासुद्धा सरून नाही राह्यला. लय दुखते."

तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? पाचव्या दिवशी ती शुद्धीवर राहीना, तेव्हा कुठे किसनरावानं मोटार करून दोघींना शहरातल्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी पोट उघडलं. आतडं काळ्या गाठींनी पार बंद झालं होतं. मनकर्णाच्या टाचेवर एक काळा डाग वाढत होता. तो कातडीचा कॅन्सर होता आणि आता आतड्यापर्यंत पोचला होता.

"फार तर महिनाभर काढेल," डॉक्टरांनी रुक्मिणीबाईला जड आवाजात सांगितलं.

 

रुक्मिणीबाईचा जीव भांड्यात पडला. ती तशीच व्हरांड्यात धावली आणि चार माणसांत ओरडून म्हणाली, "ऐकलं का किसनराव? माह्या लेकीले कॅन्सर हाये, कॅन्सर! दुसरं काही नाही!"