वडखळच्या पुढे

वडखळ नाक्यावर हौसाने बायांच्या शर्यतीची फीत तोडली आणि ती थांबलीच नाही. टाळ्या वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. हार घेऊन उभ्या असलेल्या पाहुण्यांना वळसा घालून ती नागोठण्याच्या रस्त्याला लागली.

पुरुषांनी पेणहून थेट रोह्यापर्यंत धावायचं, बायांनी वडखळपर्यंत. तसं ठरवणारे बाळगुरुजी स्कूटर काढून तिच्या मागे निघाले.

"अगो हौसा, थांब! तुझी शर्यत संपली."

"मला रोह्याला जायाचं हाय, गुरुजी. वडखळला माझं काय काम?"

"पुढे गेलीस तर पहिला नंबर जाईल."

"जाऊ दे. दुसरीला द्या."

बोलताना तिचे पाय काही थांबले नाहीत. कासोटा घट्ट मारलेला, पाठीवर नंबराचं फडकं, पायांत काही नाही. गुरुजींना एवढ्या हळू स्कूटर चालवायची सवय नव्हती, ते सारखे डुगडुगत होते.

"हट्ट करू नकोस. पुढे वाटेत बायकांची सोय नाही."

"कसली सोय?"

गुरुजींनी चाळीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं होतं. त्यात हा धडा नव्हता. "म्हणजे... सोय," ते म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले.

समोर शर्यतीतलाच एक बाप्या झाडाकडे तोंड करून खुशाल उभा होता. हौसाने त्याच्याकडे बोट दाखवलं. "त्याची कुठं हाय?"

"पुरुषांचं वेगळं असतं."

आता मात्र हौसाला राग आला. "लावणीला आमी बारा जणी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तुमच्या शेतात व्हतो. तवा नाय इचारलीत ती सोय?"

 गुरुजींना या वेळी वाटलेली लाज मात्र खरी होती.

रस्त्याकडेच्या शेतात चार बाया वालाच्या शेंगा तोडत होत्या. हौसा बांधावरून खाली उतरली. "पुतळे, या गो जरा!" जास्त काही सांगावं लागलं नाही. चौघींनी टोपल्या ठेवल्या, तिच्याकडे पाठ करून गोल उभ्या राहिल्या आणि पदर पसरले.

"गुरुजी, तिकडं तोंड करा," पुतळीने फर्मावलं.

गुरुजींनी स्कूटर स्टँडला लावली आणि निमूट डोंगराकडे तोंड केलं. एवढ्यात मागून आलेले दोन धावपटू शेताकडे बघत रेंगाळले. "पुढे बघून पळा रे!" गुरुजी त्यांच्यावर खेकसले.

हौसा वर आली, पदर खोचला आणि पळत सुटली. त्या दोघांना तिने वळणाच्या आतच मागे टाकलं. बाया पुन्हा शेंगांना लागल्या.

हौसा दिसेनाशी झाली तरी गुरुजी डोंगराकडे तोंड करून तसेच उभे होते. वळा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.